आपले पाय

फार पूर्वी एका माळरानावर प्राण्यांची पाठशाळा होती आणि वानरगुरुजी ती चालवत. तिथली भिंगरी हरणी शर्यतीत धावणार म्हटलं की सारी पंचक्रोशी बघायला लोटायची. येणारा प्रत्येकजण गुरुजींच्या ओट्यावर कणसं, बोरं, शेंगा ठेवून जायचा. भिंगरीच्या गळ्यात मात्र झेंडूची माळ पडायची. धावून धावून इतकी भूक लागलेली असायची, की ती माळच खाऊन टाकायची.

“गुरुजी, त्या ढिगातलं मला काही?” तिने एकदा विचारलं.

“अगं, तू विद्यार्थिनी! शिकणाऱ्याने मोबदला मागायचा नसतो. आपले पाय जिंकले, यातच सगळं आलं.”

‘आपले’ म्हणताच भिंगरीचे कान टवकारले. धावते मी, धापा टाकते मी, मग यात गुरुजींचे पाय आले कुठून? कुठेतरी पाणी मुरत होतं.

पुढच्या शर्यतीला माळ खच्चून भरला, तेव्हा ती लंगडत आली. “गुरुजी, आपला पाय मुरगळला.”

“आपला कसला? तुझा पाय, तूच निस्तर!” गुरुजी खेकसले.

भिंगरी चारी पायांवर ताठ उभी राहिली. “ऐकलंत ना सगळ्यांनी? पाय माझे आहेत.” आणि शर्यतीच्या रेषेवरच तिने बसकण मारली.

प्रेक्षक ओरडायला लागले. काहींनी ओट्यावरची कणसं परत उचलली. गुरुजी धावत आले. “ऊठ गं बाई, आपलेच पाय ते!”

“मग ढीगही आपलाच म्हणा,” भिंगरी बसल्या जागेवरून म्हणाली. “आणि मोठ्याने म्हणा, मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”