तळवाडीची एकतिसावी चूल

फार वर्षांपूर्वी, बंदराकडे जाणारा नळ अजून आला नव्हता आणि सडकही आली नव्हती, तेव्हा कोकणात धामणखोल नावाच्या गावी एक होती आवडी कुंभारीण, एक होता सोमा गावकर, एक होती तुळसा, आणि डोंगराच्या पायथ्याला तळवाडीत होती एकतीस घरं.

आवडी मडकी घडवत नसे. मडकी तिचा नवरा घडवायचा. तो गेला आणि चाक थांबलं. आवडी चुली घालायची. तळवाडीत नवी सून आली की सासू आवडीला बोलावणं धाडायची. आवडी यायची, सुनेचा हात हातात घ्यायची आणि तिच्याच वितीनं चुलीची उंची धरायची. मग जमिनीत हातभर खड्डा खणायची, तळाशी खाडीतल्या तिसऱ्याची एक पांढरी शिंपी, म्हणजे शिंपला, ठेवायची, वर वारुळाची माती दाबून बसवायची आणि त्यावर चूल उभी करायची. शेवटी चुलीच्या डाव्या अंगाला अंगठ्याचा ठसा. शिंपी कशाला म्हणून कुणी विचारलं तर म्हणायची, "तुका भात शिजवूक चूल होयी, की माझी उलटतपासणी करूक?"

तिला मूलबाळ नव्हतं. पण असं म्हणतात, की वाडीतल्या कुठल्याही घरात डोळे मिटून गेली तरी चुलीपुढे जाऊन बरोब्बर बसायची.

आता त्या गावची एक रीत होती. दर तीन वर्षांनी, मार्गशीर्षात, सोमा गावकर देवाला कौल लावायचा. देवानं कौल दिला की सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जायचा. माणसं जायची, गुरं जायची, कोंबड्या, कुत्री, मांजरं, पाळण्यातलं पोरसुद्धा. घरांची दारं नुसती ओढून घ्यायची. चुली थंड. गावात धूर दिसता कामा नये, कोंबडा आरवता कामा नये. या रीतीला गावपळण म्हणतात. त्या दिवसांत गाव देवाचा असतो. माणसं पल्याडच्या रानात झावळ्यांच्या खोपी घालून राहायची, आणि चौथ्या दिवशी कौल घेऊन परत यायची. परतल्यावर पहिला विस्तव आवडीच्या चुलीत पेटायचा. तिथून शेणीवर निखारा घेऊन बायका आपापल्या घरी जायच्या.

त्या वर्षी गाव असाच बाहेर गेला. आणि नेमके त्याच तीन दिवसांत मोजणीसाहेब आले.

साहेब घाटावरचे. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. बंदरात पाणी खारं झालं होतं, म्हणून धामणखोलच्या डोंगरातल्या कोंडीचं, म्हणजे खोल डोहाचं, गोडं पाणी लोखंडी नळातून बंदरापर्यंत न्यायचं ठरलं होतं. नळ तळवाडीवरून जाणार होता. ज्याची वस्ती उठेल त्याला भरपाई आणि नवी जागा द्यायची, असा हुकूम होता. साहेब साखळी घेऊन वाडीत शिरले. हाक मारली, ओ नाही. दार ढकललं, आत अंधार. चुलीत हात घातला, राख थंड. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडी पळाली नाही. दोन दिवस वाट पाहिली. गावपळण कशाशी खातात हे घाटावरच्या माणसाला काय ठाऊक! त्यांनी कागदावर लिहिलं, 'पडीक घरं. वस्ती नाही.' खुंट्या ठोकल्या, त्यांना तांबडा रंग फासला आणि गेले.

गाव परत आला तर वाडीभर तांबड्या खुंट्या! सगळे घाबरले. कुणीतरी करणी केली म्हणाले. सोमा गावकरानं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं, आणि सगळ्यांना बजावलं, "खुट्यांका हात लावू नकात. खंयच्या भुताच्यो असतत कोण जाणा." कुणी हात लावला नाही आणि कुणी चौकशीलाही गेलं नाही. तीच चूक झाली.

फाल्गुनात दोनशे मजूर आले, कुदळी घेऊन. मुकादमाच्या हातात कागद. लोक आडवे पडले, बायका रडल्या. मुकादम म्हणाला, "कागदात वस्ती नाही. तुम्ही भरपाईच्या वासानं आता येऊन बसलात." जमीन होती खोताच्या नावावर, आणि खोत राहायचा लांब शहरात. तळवाडीच्या एकाही माणसाचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. मातीची घरं ती. दोन दिवसांत भिंती पडल्या, झाडं तुटली, वरून माती ओढून सगळं सपाट केलं. आपलं दार कुठं होतं, तुळस कुठं होती, हे ज्याचं त्यालाही सांगता येईना. एकतीस घरांची माणसं काजूच्या झाडांखाली भांडीकुंडी घेऊन बसली. पाऊस तीन महिन्यांवर आला होता, आणि डोक्यावर झावळ्यांचं झापसुद्धा नव्हतं.

मग महिन्याभरानं साहेब आले. सोमा गावकर हात जोडून पुढे झाला.

"सायबानू, आमी देवाच्या हुकमान भायर गेलेलंव. ह्या आमचा पिढ्यान्‌पिढ्याचा घर."

साहेब म्हणाले, "मी स्वतः आलो होतो. या वाडीत मला मांजर दिसलं नाही. मी डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं लिहू?"

"शेजारच्या गावाक विचारा."

"शेजारी शेजाऱ्याची बाजू घेणारच. मला पुरावा दाखवा."

तेव्हा मागून आवडी आली. कमरेत वाकलेली, पदर खोचलेला, पायात काही नाही.

"झिला," ती साहेबांना म्हणाली, "माणूस खोटा बोलात. चूल नाय बोलाची. माका आजचो दिस दी."

साहेबांना हसू आलं, पण नाही म्हणाले नाहीत. खुर्ची मागवून बसले.

आवडी त्या सपाट मातीवर चालू लागली. उन्हानं माती तापलेली. ती हळूहळू पाऊल टाकायची, थांबायची, पुन्हा चालायची. असं म्हणतात, जिथं चूल होती तिथं तिच्या तळव्याला आतून ऊब लागायची, जशी झोपलेल्या लेकराच्या पाठीची लागते. एके ठिकाणी ती थांबली.

"हय खणा. ही तुळशीची. हिच्या सासूक खोकलो होतो, म्हणान धूर भायर जावक मी तोंड उगवतीक केलेला."

मजुरांनी खणलं. वरची ओढलेली माती निघाली, आणि खाली माती लागली तांबडीलाल. वीतभर खोल तीच, भाजून विटेसारखी झालेली. तिच्याही खाली वारुळाची माती, आणि तळाशी पांढरी शिंपी.

तुळसा खाली बसली. "माझो भात," एवढंच म्हणाली, आणि त्या मातीवर दोन्ही हात ठेवून राहिली.

साहेब खुर्चीतून उठले.

आवडी चालत राहिली. दुसरी चूल, तिसरी चूल. प्रत्येक चुलीपाशी ती घराचं नाव सांगायची. ही धाकट्या भावाची, दोघं भांडून वेगळे झाले तेव्हा घातलेली. ह्या चुलीवर बाळंतिणीचं पाणी सात वेळा तापलं. ही सावळ्याची, तो एकटाच जेवायचा पण दोन माणसांचं रांधायचा, कोणी आला तर म्हणून. लोक ऐकत होते, रडत होते, मध्येच हसत होते. "काकी, सावळ्याच्या आमटीत मीठ किती असा ता पण सांग!" कुणीतरी ओरडलं. सावळा म्हणाला, "मेल्या, तीन वर्सां फुकट खाल्लंस ती!"

दहाव्या चुलीपाशी साहेब बघायला वाकले तशी आवडी कडाडली, "चुलीर बूट ठेवतंस? तुझ्या आवशीन हेंच शिकवल्यान तुका?"

सगळे चपापले. साहेब मागे सरले. मग वाकले, बूट काढले, बाजूला ठेवले. तिथून पुढे ते अनवाणी चालले.

पण साहेब कामाचे होते. पंचवीस चुली झाल्या तेव्हा परीक्षा म्हणून त्यांनी, मजुरांनी गेला महिनाभर जिथं भाकऱ्या भाजल्या होत्या ती जागा सारवून घेतली आणि आवडीला तिकडे नेलं. "इथं कुणाची, आजी?"

आवडी त्या जागेवर उभी राहिली. नाक मुरडलं.

"ही चूल नाय. हे तीन धोंडे. वरसून तांबडा दिसात, नखाएवढा. खणून बघ, खाली काळी माती आसा. हय कोणी जेवलो आसात, पण कोणी रवलो नाय."

खणलं. नखाएवढं तांबडं, खाली काळी माती. शिंपी नाही. साहेबांनी बरोबरच्या कारकुनाला खूण केली, आणि कारकून नावं लिहू लागला.

उन्हं उतरली तेव्हा तीस चुली झाल्या. आवडी काजूखाली येऊन बसली. "झाला," म्हणाली.

सोमा गावकर म्हणाला, "काकी, एकतीस घरां. तुझा खंय?"

"माझा कसला घर? एकट्या बायलेचा. तुमका मिळाला म्हणजे माका गावला."

तुळसा उठली ती रागानंच उठली. "तुझ्या चुलीतलो इस्तो घेवन आमच्या चुली पेटल्यो. आणि तुझीच चूल कागदात नाय? मग माझी पण खोडा!"

"माझी पण खोडा," सावळा म्हणाला. आणि एकेक करून सगळे म्हणाले.

आवडीला उठावं लागलं. ती पुन्हा चालू लागली. वाडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, परत आली. थांबली नाही. पुन्हा गेली. तिचा चेहरा उतरत चालला. तीस घरांच्या चुली जिच्या पायांना सापडल्या, तिला स्वतःची सापडेना. असं म्हणतात, परक्या घराची ऊब वेगळी जाणवते. आपल्या घराची ऊब आपल्या अंगाच्याच उबेसारखी, ती वेगळी कशी कळावी? आवडी मध्येच उभी राहिली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हरवली गो, तुळशी," ती म्हणाली. "माझी चूल हरवली."

तेवढ्यात साहेब, जे आवडीच्या मागून चालता चालता थोडे बाजूला राहिले होते, ते एकदम पाय उचलून म्हणाले, "अरे! इथं काहीतरी गरम लागतंय."

लोकांनी पाहिलं. साहेब अनवाणी उभे होते आणि खाली मातीकडे बघत होते. मजूर पुढे आले तर त्यांनी कुदळ स्वतःच्या हातात घेतली. खणलं. तांबडी माती लागली, हातभर खोल, सगळ्या वाडीत सर्वांत खोल. तळाशी एक नव्हे, दोन शिंप्या, एकीला एक लावून मिटलेल्या. तिनं ती चूल नवऱ्याबरोबर घातली होती.

साहेब त्या खड्ड्याशेजारी खाली बसले. 'वस्ती नाही' असं जिथं लिहिलं होतं तो कागद काढला, आपल्या हातानं ती ओळ खोडली, आणि लिहिलं, 'एकतीस घरं. पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती.' मग म्हणाले, "आजी, चूक माझी. मी राखेत हात घातला, तिच्याखाली नाही."

पाऊस पडायच्या आत सगळं झालं. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, एकतीस जागा मिळाल्या, घराला लाकूड मिळालं, खालच्या अंगाला भातशेती मिळाली, आणि कागदावर प्रत्येकाचं नाव आलं. तुला काय हवं, असं साहेबांनी आवडीला विचारलं. ती म्हणाली, "सड्यार पाणी नाय. नळात आमच्याच डोंगराचा पाणी जाता. त्या नळाक आमच्या दारात एक तोंड ठेव." तसं तोंड ठेवलं.

टोपल्यांतून तांबडी माती आणि शिंप्या सड्यावर गेल्या. आवडीनं पावसाआधी एकतीस चुली घातल्या. आपली शेवटी घातली, आणि ती सर्वांत आधी पेटवली.

पुढच्या गावपळणीला मात्र लोकांचे पाय वेशीकडे वळेनात. कुणी आलं आणि पुन्हा वस्ती नाही म्हणून लिहिलं तर? आवडी सोमाला म्हणाली, "देवाक विचार. वेस म्हणजे गाव नाय आणि रान पण नाय. मी थंय चूल पेटवून बसतंय." सोमानं कौल लावला. देवानं उजवा कौल दिला, होकाराचा.

तीन दिवस वेशीवर आवडीच्या चुलीचा धूर दिसत होता. चौथ्या दिवशी गाव परत आला तर चूल पेटलेली, आवडी नव्हती. रानात शोधलं, कोंडीवर शोधलं. चुलीच्या डाव्या अंगाला फक्त अंगठ्याचा ठसा होता, आणि तो ओला होता. असं म्हणतात, ती त्याच विस्तवात आहे.

अजून दर तीन वर्षांनी धामणखोल तीन दिवस बाहेर जातो. घरं बंद, चुली थंड. पण वेशीवर त्या वर्षी आलेली सगळ्यात नवी सून आपल्या वितीनं एक चूल घालते, तळाशी शिंपी ठेवते, डाव्या अंगाला अंगठा उमटवते आणि आवडीच्या नावानं विस्तव पेटवते. तीन दिवस तो विझू देत नाहीत. चौथ्या दिवशी तिथून एकतीस घरांत निखारा जातो. आता घरं एकतिसाची दोनशे झालीत, नळाच्या तोंडाला बारमाही पाणी आहे, सड्यावर माड उभे आहेत. तरी म्हणायचं एकतीसच.

आणि वाटेनं जाणाऱ्या परक्या माणसानं त्या चुलीपाशी थांबून विचारलं, गाव ओसाड का दिसतो, तर ती नवी सून उठून उभी राहते आणि सांगते, "ओसाड नाय. हय माणसां रवतत."