गोजरेच्या पायऱ्या

ही गोष्ट तेव्हाची, जेव्हा सोनकड्याच्या डोंगरावर एकही पायरी नव्हती. आता सुट्टीच्या दिवशी तिथं माणसांची रीघ लागते, कारण माथ्यावरून चारी दिशांचा मुलूख दिसतो. तेव्हा मात्र वर जायची ती फक्त वानरं.

पायथ्याच्या वाकणे गावात तान्हाई नावाची म्हातारी राहायची. तोंडानं फटकळ, अंगानं भक्कम. तिचा भाऊ सटवाजी नदीपलीकडच्या पिंपरखोऱ्यातून साठ वर्षं न चुकता भाऊबीजेला यायचा. पण एका दिवाळीत त्याचे गुडघे धरले, आणि पाडव्याला निरोप आला की यंदा जमत नाही.

भाऊ आला नाही, तर बायका चंद्राला ओवाळतात. शेजारणींनी तेच सुचवलं. तान्हाई उसळलीच. "चंद्र काय माझ्या पाठीवर जल्मलाय? सटवाला ओवाळल्याबिगर मी घास घेणार न्हाई!" तिनं पाणीसुद्धा सोडलं. दुसऱ्या दिवशी तिला उठवेना. आता ही काही जगत नाही, असं सगळे म्हणू लागले.

तिची सून गोजरा म्हणाली, "आत्याबाई, माथ्यावरनं पिंपरखोरं दिसतं म्हणं. चला." तिनं लुगड्यानं सासूला पाठीशी बांधलं, तिच्या हाती ओवाळणीचं ताट दिलं आणि निघाली.

म्हातारीच्या अंगात त्राण नव्हतं, पण जीभ शाबूत होती. "अगं, काटा हाय! आंधळी का काय तू?" प्रत्येक बोलण्यासरशी गोजरा रागानं पाय आपटायची, आणि तिथं कातळात पायरी उमटायची, असं म्हणतात. आजही मोजून बघा, तीनशे बारा आहेत. एवढी बोलणी खाऊनही तिनं सासूला खाली टाकलं नाही, हा मला त्याहून मोठा चमत्कार वाटतो.

माथ्यावर पोचल्यावर, जिला सुईतला दोरा दिसत नव्हता, त्या तान्हाईला सात कोसांवर दारात बसलेला भाऊ दिसला. तिनं ओवाळलं. एवढ्या वाऱ्यात ज्योत हललीसुद्धा नाही. आणि तिकडं सटवाजीच्या कपाळावर ओलं कुंकू उमटलं, असं म्हणतात.

तान्हाई पोटभर हसली. ताटातली करंजी मोडून तिनं अर्धी सुनेला दिली. मग म्हणाली, "गोजरे, तुझं म्हायेर कुठं गं?"

लग्नाला सात वर्षं झाली, पण हे गोजरेला त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. म्हातारीला सांभाळायचं म्हणून एकही भाऊबीज तिला माहेरी मिळाली नव्हती. तिनं उगवतीच्या निळ्या डोंगराकडं बोट केलं.

"मग बघत काय बसलीस? हे घे ताट."

गोजरा हसली, रडली, आणि तिनं भावाला ओवाळलं.

अजूनही भाऊबीजेला सगळं वाकणे गाव सोनकडा चढतं. सासवा पायरीपायरीला सुनांना हक्कानं बोलतात आणि सुना पाय आपटतात. पण माथ्यावर सासूनं "तुझं माहेर कुठं?" असं विचारल्याशिवाय एकही दिवा लागत नाही. डोंगर बघायला आलेल्या परक्या बाईच्याही हाती त्या दिवशी ताट देतात, आणि तिला तिची दिशा सापडेपर्यंत सारं गाव थांबतं.