धुळबाचा थेट बाजार

माणदेशात ढग येतात ते नुसते बघायला येतात आणि बघून निघून जातात. तिथल्या एका गावात एक भोळा मेंढका होता. त्याचं नाव धुळबा. तो इतका भोळा, की कुणी "जरा थांब" म्हणालं तर "चल" म्हणेपर्यंत तिथंच थांबायचा. एकदा सासऱ्यानं थांब म्हटलं आणि सासरा विसरून जेवायला गेला. जेवून, वामकुक्षी करून, तोंड धुऊन बाहेर आला, तर जावई उन्हात उभाच.

बायकोचं नाव ठकुबाई. नाव ठकुबाई असलं तरी तिनं जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं. फसली मात्र होती, पण एकदाच, लग्नात.

त्या वर्षी पावसानं दडी मारली. माळावर गवताची काडी नव्हती. मेंढ्यांच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. वाघरीत, म्हणजे मेंढरांच्या जाळीच्या कुंपणात, कोकरं आईला ढुशा देत होती आणि आईच्या कासेत दूध नव्हतं. ते बघून ठकुबाईच्या घशाखाली घास उतरेना. घरात विकण्याजोगे पाच मेंढे होते. ते विकायचे, पेंड आणायची आणि मेंढ्या-कोकरं जगवायची, एवढा एकच मार्ग होता. तोही आखाड संपायच्या आत. कारण आखाडात सगळा मुलूख मटणावर तुटून पडतो, आणि श्रावण लागला की तीच माणसं घेवड्याच्या शेंगा मोडत बसतात. मग मेंढ्याला कुत्रं विचारत नाही.

ठकुबाई स्वतःच बाजाराला गेली असती, पण व्यालेल्या मेंढ्या टाकून जाणार कशी? म्हणून पहिल्या गुरुवारी तिनं नवऱ्यालाच धाडलं. अंदाज घ्यायला म्हणून बरोबर एकच मेंढा दिला.

"आवं, नीट ऐका," ती म्हणाली. "तितं मल्हारी हेडी असतोय. लई बेरका गडी. त्याला बोट दिलं की मनगट धरतोय. जपून ऱ्हावा."

"मनगट धरू द्यायचं न्हाई," धुळबा म्हणाला.

"शाब्बास!"

हेडी म्हणजे जनावरांचा दलाल. मेंढकं आणि खाटीक यांच्या मधे तो बसलेला असतो, आणि तिथं बसून दोघांचंही खातो. त्या बाजारात भाव तोंडानं बोलायचा नाही अशी जुनी रीत होती. हेडी उपरण्याखाली मेंढक्याचा हात हातात घ्यायचा आणि बोटं दाबायचा. जितकी बोटं, तितके हजार. मेंढक्याला भाव पटला नाही तर त्यानं आणखी बोटं पुढं करायची. भोवती शंभर माणसं उभी असली तरी उपरण्याखाली काय चाललंय ते दोघांनाच कळायचं. पुष्कळदा एकालाच कळायचं.

मल्हारीनं धुळबाच्या हातावर उपरणं टाकलं आणि त्याची चार बोटं धरली. धुळबाला बायकोचं बोलणं आठवलं. म्हणजे बोटं झाली, आता मनगटच! त्यानं घाईघाईनं एक बोट सोडवलं. मल्हारी चमकला. मेंढकं बोटं वाढवतात हे त्यानं पाहिलं होतं, कमी करणारा पहिल्यांदाच भेटत होता. धुळबानं दुसरंही सोडवलं. मग तिसरं. मल्हारीच्या मुठीत एक करंगळी राहिली.

"एवढंच देतोस?" मल्हारीनं खात्री करून घेतली.

"एवढंच. जास्तीची आशा धरू नगा."

"न्हाई बाबा, धरत न्हाई," म्हणत मल्हारीनं उपरणं झटकलं. "सौदा झाला!"

संध्याकाळी धुळबा छाती काढून घरी आला.

"मनगट धरू दिलं का?" ठकुबाईनं विचारलं.

"मनगट कसलं! करंगळीवर भागवला त्याला."

सगळी हकिगत ऐकून ठकुबाई मटकन खाली बसली. बाजारातला देखणा मेंढा करंगळीला, म्हणजे एका हजाराला, गेला होता. तेवढ्या पैशात चार दिवसांचीसुद्धा पेंड येत नव्हती.

"आवं, कर्म माझं! हितनं म्होरं बाजारात कुनी हात धराय लागला की हात मागं घ्यायचा. सगळाच्या सगळा. ध्यानात ऱ्हाईल?"

"ऱ्हाईल की," धुळबा म्हणाला. आणि राहिलं, हेच वाईट झालं.

दुसऱ्या गुरुवारी तो उरलेले चार मेंढे घेऊन गेला. त्या दिवशी बाजारात शहरातून निफाडकर साहेब आले होते. कोरड्या मुलखातल्या मेंढपाळांचा बाजार सुधारायची, मधला दलाल काढून थेट विक्री करायची योजना त्यांच्याकडे होती. त्यांनी वजनाचा मोठा काटा आणला होता, कर्णा आणला होता, आणि मेंढरांची गोचिडं मारायला औषधाचा लांबलचक हौद बांधला होता. माणसांना प्यायला पाणी नव्हतं, पण ते योजनेत बसत नव्हतं. साहेब हौदाच्या काठावर उभे राहून सांगत होते, "आम्ही तुमच्या हाताला हात द्यायला आलो आहोत! तुम्हीही हात पुढे करा!"

बोलण्याच्या भरात साहेबांचा पाय काठावरून घसरला. सगळ्यांत जवळ धुळबा. साहेबांनी खरोखरच हात पुढे केला आणि धुळबाचा पंजा गच्च पकडला.

धुळबानं हात मागं घेतला. सगळाच्या सगळा.

साहेब हौदात गेले. वर आले ते पांढरेफटक होऊन, डोळे मिटलेले आणि तोंड उघडलेलं. गोचीड असलंच तर मेलं असावं. त्या दिवशीचा सगळा बाजार, हौदासाठी आणून ठेवलेल्या पाण्यानं साहेबांना बादल्यांनी धुण्यात संपला. खरेदीला आलेले खाटीकसुद्धा मेंढरं सोडून पाणी ओतत होते. एक मेंढा विकला गेला नाही.

"अहो, तुम्हाला काही कळतं का?" साहेब ओल्या बनियनमध्येच ओरडले. "कोणी पडला तर धावत जाऊन धरायचं त्याला! घट्ट धरायचं! काही झालं तरी सोडायचं नाही!"

"चुकलं सायेब," धुळबा म्हणाला. "म्होरल्या येळंला धरतो."

घरी ठकुबाईनंही तेच सांगितलं. आता साहेबासारखा शिकलेला माणूस आणि ठकुबाईसारखी शहाणी बाई एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर धुळबानं ती उपरण्याला गाठ मारून लक्षात ठेवली. तोवर दोन कोकरं दुधावाचून गेली होती. ठकुबाईनं ती पदरात घेतली आणि मनसोक्त रडली. धुळबाही रडला. भोळ्या माणसाला रडू काही खोटं येत नाही.

तिसरा गुरुवार उजाडला. पाण्यावाचून गावोगावच्या मेंढक्यांनी एकदमच मेंढरं बाजारात आणली. मेंढरं उदंड आणि गिऱ्हाईक बेताचं. धुळबा चार मेंढे घेऊन पोचतोय तोच शेजारच्या वाडीचा बिरू तोंड पाडून समोरून आला.

"धुळबा, वाटोळं झालं गड्या. भाव पडला."

आता माणदेशी बोलीत दराला भाव म्हणतात आणि सख्ख्या भावालाही भावच म्हणतात. कुठला ते ऐकणाऱ्यानं ओळखायचं असतं.

"आरं देवा! कुनाचा भाव?" धुळबानं विचारलं.

"कुनाचा म्हंजे? आपल्या समद्यांचाच."

"कवा पडला?"

"सकाळच्या पारी."

"लागलं का रं लई?"

"लागलं म्हंजे? कंबरडं मोडलं!"

"आन् कुनी धरला न्हाई?"

"कोन धरतोय? ज्याला त्याला आपलं पडलंय," असं म्हणून बिरू डोळे पुसत निघून गेला.

धुळबाच्या काळजाचं पाणी झालं. सगळ्यांचा भाऊ कंबर मोडून पडलाय आणि कुणी धरायला नाही! चारी मेंढे बाभळीला बांधून तो धावत सुटला. पडलेला माणूस शोधत शोधत लिंबाखाली आला, तर तिथं मल्हारी हेडी पडलेला. भाव उतरल्याच्या आनंदात सकाळीच दोन भाकरी जास्त खाऊन तो सावलीला घोरत होता. धुळबानं त्याला मागून दोन्ही हातांनी कवटाळलं.

"कोन हाय? सोड!" मल्हारी दचकून ओरडला.

"भिऊ नगा. धरलाय तुमास्नी."

"आरं पर कशापायी?"

"पडलाव न्हवं तुमी?"

"मी झोपलोय!"

"कंबरडं मोडल्यावं तसंच वाटतंय."

मल्हारीनं हिसके दिले, शिव्या दिल्या, देवाच्या आणा घातल्या. धुळबाची मिठी सुटेना. ओढाळ मेंढ्याला धरणारे हात ते! शेवटी मल्हारी रडकुंडीला आला. त्याला वाटलं, हा करंगळीचा सूड आहे.

"धुळबा, चूक झाली. तुजं चारी मेंढं चढ्या भावानं घेतो. पर सोड."

"चढल्या भावाचं मला सांगू नगा," धुळबा म्हणाला. "मी पडल्याला धरलंय."

इकडं बाजारात हेडी कुठं दिसेना. खाटकांनी वाट पाहिली, हाका मारल्या, आणि शेवटी स्वतःच मेंढक्यांकडं गेले. भाव तोंडानं बोलले. साहेबांच्या काट्यावर वजनं झाली. उपरण्याखालचं सगळं उजेडात आल्याबरोबर भाव आपोआप वर चढला. मेंढकं खूश, खाटीक खूश. साहेबांनी कर्ण्यावरून सांगितलं, की हे योजनेचं यश आहे. योजना लिंबाखाली मल्हारीला धरून बसली होती, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बाजार उठला तेव्हा सगळ्यांची मेंढरं विकली गेली होती. धुळबाची तेवढी बाभळीला होती.

ठकुबाईनं या वेळी कपाळाला हात लावला नाही. कपाळाला हात लावूनही आता काही होत नव्हतं. आखाडातला एकच गुरुवार उरला होता. तिनं नवऱ्याला समोर बसवलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

"आवं, त्या मधल्याला कशाला धरून बसलाव? त्यो मधी बसतोय म्हनून तर आपला इस्कोट होतोय. सायेब काय बोंबलून सांगत्यात? मधला काढा, थेट इका. आता शेवटचं सांगती. तुमच्या आन् गिऱ्हाइकाच्या मधी जो कोन येईल, त्याला हाकला. दयामाया करू नगा. समजलं?"

"समजलं. मधी येईल त्याला हाकलायचा."

"कुनी बी असू द्या."

"कुनी बी असू दे."

शेवटच्या गुरुवारी बाजार फुलून गेला होता. उद्यापरवा श्रावण लागणार, म्हणून उरलीसुरली सगळी मेंढरं त्या दिवशी आली होती. साहेबांनी नवीन सोय केली होती. लोखंडी कठड्याचा एक लांब कोंडवाडा, अलीकडच्या अंगाला मेंढकं, पलीकडच्या अंगाला गिऱ्हाइकं, आणि आत सगळ्या मालकांची मेंढरं. कोंडवाड्यातच वजनाचा काटा होता. मल्हारी हेडी धुळबाला लांबून बघूनच पसार झाला होता.

धुळबाचा नंबर आला. चारी मेंढे काट्यावर चढले. समोर शहरातले खानावळवाले जगताप उभे होते. त्यांनी मेंढ्यांच्या पाठी चाचपल्या, वजन पाहिलं आणि मान डोलावली.

"माल फर्मास आहे," ते म्हणाले आणि असा भाव बोलले, की शेजारची मेंढकं वळून बघायला लागली. सबंध आखाडात तेवढा भाव कुणाला मिळाला नव्हता. तेवढ्या पैशात पावसाची वाट बघत बसायलासुद्धा पुरेल एवढी पेंड येणार होती.

धुळबाला वाघरीतली कोकरं दिसली, पेंडीत तोंड घालणाऱ्या मेंढ्या दिसल्या, आणि ठकुबाईचं हसणारं तोंड दिसलं. ते त्यानं फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

"दिलं!" तो म्हणाला.

जगतापांनी पैशासाठी खिशात हात घातला. साहेबांना अशीच घटका हवी होती. त्यांनी कर्णा तोंडाला लावला.

"मंडळी, इकडे पाहा! हा मेंढपाळ, आणि हे गिऱ्हाईक! सांगा बरं, या दोघांच्या मधे आता कोण आहे?"

धुळबानं पाहिलं. मधे होते की! चांगले चार होते! आणि त्यांच्या मागं-पुढं आणखी कितीतरी होते!

ठकुबाईचे शब्द कानात वाजले. दयामाया करू नगा. कुनी बी असू द्या.

"जरा थांबा पावणं," तो जगतापांना म्हणाला. "आत्ता मधलं काढतो."

त्यानं कोंडवाड्याचं फाटक सताड उघडलं, आत उडी घेतली आणि आयुष्यभर माळावर कमावलेल्या आवाजात आरोळी ठोकली, "हुर्र्र्र हाऽऽ! हाऽऽ!"

धुळबाचे चारी मेंढे काट्यावरून उडाले आणि फाटकातून बाणासारखे सुटले. मेंढराची जात, पुढचं गेलं की मागच्यानं जायचं. चारामागं चाळीस गेली, चाळीसांमागं चारशे. बिरूची गेली, सगळ्या वाड्यांची गेली. मेंढकं "धरा, धरा" करत राहिली आणि धुळबा "हाऽऽ, हाऽऽ" करत राहिला. शेवटचं लंगडं कोकरूसुद्धा त्यानं उचलून फाटकाबाहेर ठेवलं. बघता बघता सगळा बाजार माळावर गेला आणि माळावर नुसता धुरळा राहिला.

कोंडवाडा रिकामा झाला. अलीकडं मेंढकं रांगेत उभी, पलीकडं गिऱ्हाइकं रांगेत उभी. मधे चिटपाखरू नव्हतं. जगतापांचा हात खिशातून रिकामाच बाहेर आला. साहेबांच्या हातातला कर्णा तसाच तोंडाला राहिला.

धुळबानं फाटक लावलं, कडी घातली, उपरण्यानं घाम पुसला आणि साहेबांना हात जोडले.

"सायेब, आता मधी कुनी बी न्हाई. करा सुरू बाजार."