दोन काठांचा सूर्योदय

एका संथ नदीच्या अलीकडे एक गाव होतं आणि पलीकडे दुसरं. अलीकडच्या गावात म्हाळोजी राहायचा, पलीकडच्या गावात कुशाबा. दोघांचं काम एकच, घटका मोजायची. तेव्हा घड्याळं नव्हती. घंगाळात पाणी भरायचं आणि बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी त्यावर सोडायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग ती काढून लगेच पुन्हा सोडायची. सूर्याची कड दिसली की दिवसाची पहिली वाटी सोडायची, असा दोन्ही गावांचा रिवाज. म्हाळोजीच्या घरात सात पिढ्या हेच चाललं होतं.

म्हाळोजीनं आपली चिमा कुशाबाच्या मुलाला दिली. लोक म्हणाले, आता या घरात कुणाला उशीर व्हायचा नाही.

मुहूर्त निघाला सूर्योदयापासून दहा घटकांचा. एरवी वऱ्हाड नवरीच्या गावची घटका मानतं. पण कुशाबा पडला घटकावाला. त्यानं काठाला बांधलेल्या नावेतच घंगाळ मांडलं आणि सूर्य दिसताच वाटी सोडली. पुढे वऱ्हाड निघालं. नावाडी हळू वल्हवत होता. नाव चालली होती, पण घंगाळातल्या पाण्याला त्याचा पत्ता नव्हता. वाटी घरी बुडावी तशीच बुडत होती.

मांडव घाटावरच घातला होता. नाव टेकली तसा कुशाबा म्हणाला, "नऊ झाल्या. नवरीला तयार ठेवा."

म्हाळोजीनं आपल्या घंगाळाकडे पाहिलं. त्याचीही वाटी नुकतीच बुडाली होती. पण ती सातवी.

झालं, वाट्या पुन्हा सोडायच्या आतच जुंपली. वऱ्हाडी म्हणाले, तुमच्या वाटीचं भोक गाळानं बुजलंय. मांडवातल्यांनी सुनावलं, नावेत तुमचीच वाटी हिंदकळली. एक म्हातारी म्हणाली, घटकावाल्यांच्या घरचं लग्न आणि अडलं ते वेळेवरून. कुशाबा हट्टाला पेटला. माझी दहावी टळली तर मुलाला घेऊन परत जाईन, म्हणाला. चिमा मुंडावळ्या बांधून बसली होती. तिनं बापाकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

भाऊबंद म्हाळोजीच्या कानाला लागले. कुणी म्हणे, आपली वाटी चुकली म्हण आणि पोरीला उजवून टाक. कुणी म्हणे, त्यांची खोटी आहे अशी शपथ घे, वाडवडलांची अब्रू राख. म्हाळोजी कुणावर रागावला नाही. आपली वाटी चुकली असं त्याला वाटत नव्हतं, आणि कुशाबाची चुकताना त्यानं पाहिली नव्हती. न पाहिलेलं सांगायचं कसं?

तो म्हणाला, "व्याही, तुमची वाटी माझ्या घंगाळात सोडा. माझीही सोडतो. काय ते पाणी सांगेल."

तुमच्या दहावीला तेवढाच अवधी आहे, असंही तो म्हणाला. कुशाबा कबूल झाला. दोन्ही वाट्या एकदम सोडल्या. सगळा मांडव घंगाळाभोवती गोळा झाला.

दोन्ही वाट्या एकदमच बुडाल्या.

मग सात कशा आणि नऊ कशा? म्हाळोजीनं हनुवटी खाजवली. हळूच विचारलं, "तुमच्याकडे सूर्य कुठून वर येतो हो?"

"त्या खिंडीतून. आणखी कुठून यायचा?"

म्हाळोजीनं मान वर केली. त्याच्या गावाच्या पाठीशी पूर्वेला उभाच्या उभा डोंगर होता, आणि त्यातली खिंड होती ती पलीकडच्या गावासमोर. सूर्य तो चढून येईतो पलीकडच्या गावात दोन घटका ऊन पडलेलं असे. सात पिढ्यांनी वाट्या मोजल्या, पण सूर्य सगळ्यांना एकाच वेळी दिसतो का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

लग्न लावायला आलेल्या जोशीबुवांना हे पटेना. साऱ्या आकाशात भरून राहिलेला एकच खरा काळ असलाच पाहिजे, ते म्हणाले, त्याला डोंगराची आणि नदीची काय पत्रास?

"असेल, बुवा," म्हाळोजी म्हणाला. "मला अजून दिसला नाही. मी बघितलंय ते पाणी, वाटी आणि माझं अंगण." मग तो कुशाबाकडे वळला. "तुमची दहावी भरली, व्याही. लग्न लावू या. पोरीचा सूर्य उद्यापासून खिंडीतूनच उगवायचाय."

कुशाबाचा राग कुठल्या कुठे गेला.

"माझी वाटी खोटी असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत," तो म्हणाला. "मांडव तुमचा आहे. तुमची दहावी होऊ द्या."

आता दोघेही दुसऱ्याच्या घटकेसाठी अडून बसले. शेवटी जोशीबुवांनी तोड काढली. कुशाबाची दहावी भरलीच होती, तेव्हा मंगलाष्टकं लगेच सुरू केली आणि अशी सावकाश म्हटली, की शेवटचं 'सावधान' म्हाळोजीच्या दहावीला आलं. अक्षता मुठींत घामेजल्या. नवरदेव या पायावरून त्या पायावर होत होता. पण कुरकुर कुणी केली नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाळोजी नदीवर गेला. त्याच्याकडे अजून सावली होती आणि पलीकडे पिवळं ऊन पडलं होतं. लेकीचा दिवस सुरू झाला होता, त्याचा व्हायचा होता. त्यानं डोंगराला हात जोडले. गावाला रोज दोन घटकांची जास्तीची झोप देणारा हाच, आणि आपल्याला ठाऊकही नव्हतं. मग पलीकडच्या उन्हाकडे तोंड करून त्यानं कुशाबालाही हात जोडले. तो माणूस भांडायला आला नसता, तर हे न कळताच आपण मेलो असतो, असं त्याला वाटलं.

तात्पर्य: दुसऱ्याची वेळ आपल्या वेळेशी जुळली नाही, तर त्याला खोटं म्हणण्याआधी तो कुठे उभा आहे ते बघावं, आणि त्याच्यामुळे आपली जागा आपल्याला कळली, तर त्याचे उपकार मानावेत.