साळुंकीबाईंची पाहणी

त्या राज्यात नदी एक होती आणि तिच्यावरून चालणारे तंटे अनेक. निवाडा वडाखाली बसलेला म्हातारा हत्ती करी, आणि ज्याला आपली बाजू मांडता येत नसे तो वकील करी. वकिलांत सगुणा साळुंकीचा हात धरणारे कोणी नव्हते. सशाचा खटला असला की ती सशासारखी थरथरे. खेकड्याचा असला की बोलता बोलता तिरकी सरके. तिच्या तोंडून आपले दुःख ऐकताना पक्षकार थक्क होत. आपण इतके दुःखी आहोत, हे त्यांना तोवर ठाऊकच नसे.

तिचे नाव झाले ते म्हशींच्या खटल्याने. कासविणी दर उन्हाळ्यात अंडी घालायला पलीकडच्या वाळूत जात आणि त्यांची वाट म्हशींच्या डबक्यातून जाई. लोळताना पोटाखाली कासव येणे म्हशींना पसंत नव्हते.

"महाराज," सगुणा म्हशींच्या वतीने म्हणाली, "वाट म्हणजे काय? जिच्यावर पाऊल उमटून राहते ती. चिखलात यांचे पाऊल क्षणभर टिकत नाही. जी दिसतच नाही, ती वाट कसली?"

हत्तीने पुष्कळ विचार केला, म्हणजे कान हलवले, आणि डबके म्हशींना दिले. कासविणी खडकावरून वळसा घालू लागल्या. त्यांचा वकील दाजीबा बेडूक त्या दिवशी सतराव्यांदा हरला.

इतके चांगले बोलणारी विरोधात असण्यापेक्षा पदरी असलेली बरी, असे सिंहाला वाटले आणि त्याने सगुणाला नदीकाठाची मुख्य कारभारीण नेमले. काठावरचे तंटे आता हत्तीऐवजी तिने तोडायचे होते. तिला जांभळाची उंच फांदी मिळाली, आणि पानांवर हुकूम लिहायला चार बगळे मिळाले.

अडचण पहिल्याच आठवड्यात आली. आजवर तिच्याकडे एक बाजू येत असे. आता दोन्ही येऊ लागल्या. सकाळी तिने एक बीळ खेकड्यांना दिले. दुपारी पाणकोंबड्यांचे ऐकले आणि तेच बीळ त्यांना दिले.

चिटणीस बगळ्याने दोन्ही पाने पुढे ठेवून अदबीने विचारले, "बाईसाहेब, यातला खरा हुकूम कोणता?"

"दोन्ही. दोघांचेही म्हणणे पटण्यासारखे आहे."

"होय बाईसाहेब. पण बीळ एकच आहे."

मग तिने कोणताच हुकूम न देण्याची रीत पाडली. पानांवर 'विचाराधीन' लिहिले जाई. सगळे तिला फार समतोल म्हणू लागले आणि तिलाही ते खरे वाटू लागले.

तिसऱ्या उन्हाळ्यात येसाक्का नावाची म्हातारी कासवीण जांभळाखाली आली. नदीपासून तिथवर यायला तिला अख्खी सकाळ लागली होती.

"बाई, गेल्या साली आम्ही अकराजणी खडकावरून निघालो," ती म्हणाली. "वाळूला सातजणी लागलो. तेवढी डबक्यातली वाट मोकळी करून द्या. पंधरा दिवस पुरे."

सगुणाने सुनावणी ठेवली. म्हशींनी या खेपेला वकील केला होता तो दाजीबा. तो घसा फुगवून उभा राहिला आणि सगुणाचे जुने भाषण त्याने अक्षरन् अक्षर म्हणून दाखवले, तिच्या मानेच्या झटक्यासकट. 'जी दिसतच नाही, ती वाट कसली?'

सगुणाला आधी वाटले, काय सुरेख मुद्दा आहे! मग तिने खाली येसाक्काकडे पाहिले आणि तिला ओशाळल्यासारखे झाले. तिने मनातल्या मनात उत्तर शोधले. ते तेव्हाही नव्हते, आताही नव्हते.

"येसाक्का, तुमची ती खडकावरची वाट मला दाखवा," ती म्हणाली.

"उडून गेलात तर आत्ता दिसेल, बाई."

"तुमच्या मागून चालते."

भर दुपारी दोघी निघाल्या. खडक तव्यासारखा तापला होता. तीनदा सगुणाचे पंख आपोआप उघडले. तीनदा तिने ते मिटले. अर्ध्या वाटेवर कासवाची एक रिकामी पाठ उताणी पडली होती. येसाक्का तिच्यापाशी क्षणभर थांबली.

"धाकटी बहीण माझी," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

वाळू आली तेव्हा सूर्य बुडत होता. सगुणाच्या पायांची कातडी सोलली होती आणि तिला एकही वाक्य सुचत नव्हते.

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला : पंधरा दिवस डबक्यातून वाट द्यावी. कारणाच्या जागी एवढेच होते, 'मी चालून पाहिले.'

"हरकत!" दाजीबा ओरडला. "हे कारण कुठल्या कायद्यात बसते?"

"बसत नाही, दाजीबा," सगुणा म्हणाली. "चालते."

म्हशी तक्रार घेऊन सिंहाकडे गेल्या. सिंहाने जांभई दिली. ती संमती होती की धमकी, हे कोणालाच कळले नाही, तेव्हा म्हशी परत येऊन डबक्याच्या कडेला फुरफुरत उभ्या राहिल्या आणि त्यांच्या खुरांसमोरून सातही कासविणी सावकाश पलीकडे गेल्या.

त्याच आठवड्यात नदीच्या वरच्या डोहातून पाणसापांचा अर्ज आला. चिटणीसाने पान उघडले आणि सवयीने 'विचाराधीन' लिहायला चोच उचलली. पण फांदी रिकामी होती. कारभारीणबाई काठाने पायी निघाल्या होत्या, किंचित लंगडत. बगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. मग चौघे पाने चोचीत धरून खाली उतरले आणि तापलेल्या गोट्यांवरून एकेक पाय जपून उचलत, आपले पांढरेशुभ्र पंख चिखलापासून सावरत, तिच्या मागे रांगेने चालू लागले.