मधल्या तुळईचा आवाज

फार जुनी नाही, माणसांनी विमानं पाळल्यानंतरची गोष्ट. नाल्यावरून धावपट्टी जायची, तिच्याखाली सात तुळयांचा पूल होता. मधल्या तुळईला चीर गेली होती. सखोबा मिस्त्री हातोडीनं एकेकीला ठोकून चिरेचा भद्द आवाज येतो का म्हणून कान द्यायचा, तेव्हा ही मधली अंग आवळून खणखणीत वाजायची.

"सांग की बये त्याला," शेजारची तुळई म्हणाली.

"कशाला? पळतं विमान निम्मं पंखांवरच तरंगतं. मला भार तो केवढा."

एकदा टाकी भरलेलं विमान पाळीची वाट बघत तिच्यावरच उभं राहिलं. आत दोनशे माणसं. चीर लांबत गेली.

दुसऱ्या दिवशी हातोडी पडली, तेव्हा मधल्या तुळईनं अंग सैल सोडलं. भद्द वाजलं.

"इतके दिवस फसवलंस होय गं," म्हणत सखोबानं धावपट्टी बंद करवली.

अडकलेल्या प्रवाशांनी पुलाला मनसोक्त शिव्या घातल्या. तुळईनं त्या ऐकून घेतल्या. शिव्या द्यायला सगळे शाबूत होते.