पटाशी लपून बसली

हत्यारं बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. हल्ली ती बोलत नाहीत, कारण विजेच्या यंत्रांच्या गोंगाटात त्यांचं ऐकणार कोण?

तर बाबल मेस्त्रींच्या लाकूड कोरायच्या पटाशीच्या एकदा लक्षात आलं, की आपलं वीतभर पातं आता चारच बोटं उरलंय.

"हा धारेचा दगड मला चाटून खातोय!" ती रंध्यासमोर रडली.

"मग लप की," रंधा म्हणाला. त्याला फुकटचे सल्ले द्यायची भारी हौस.

त्या दिवसापासून धार लावायची वेळ झाली की पटाशी लाकडाच्या ढलप्यांत दडे, आणि काम निघालं की साळसूदपणे वर येई. आठवड्याभरात ती इतकी बोथट झाली, की पिकलं केळंही कापेना.

मेस्त्री तेव्हा नातीच्या पाळण्यावर पोपट कोरत होते. पटाशी लाकडात शिरेना म्हणून त्यांनी जोर लावला, तशी ती सटकली आणि थेट त्यांच्या अंगठ्यात घुसली. पोपटावर रक्त सांडलं.

मेस्त्रींनी अंगठ्याला चिंधी बांधली आणि पटाशी हळूच पुसली. "माझंच चुकलं गं बाय. तुझ्याकडे बघायचंच राहिलं."

पटाशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आपणहून दगडापाशी गेली.

"दगडआजोबा, घासा मला. झिजले तर झिजले."

मान वर केली, तेव्हा तिला पहिल्यांदाच दिसलं, की दगडाच्या पाठीला वाटीएवढा खळगा पडलाय.

"अगो बाई! हे कोणी केलं?"

"तूच की गं," दगड हसला. "ये, पाणी शिंपडून ठेवलंय."